पेंबर्टन साहेबांची पणजी

परक्याची वस्तू घरात सांभाळायला घेऊ नये, आणि घेतलीच तर तिला खुर्चीत बसवू नये. एवढंच सांगण्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मी दुबईत, देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. म्हणजे माल दुसरे विकतात, दुसरे भरतात आणि वेळ आली तर बुडवतातही दुसरेच; मी फक्त कागद करतो. नग किती, वजन किती, बाहेरून दिसणारी अवस्था काय, खोक्यावर खुणा कुठल्या. खुणांचा रकाना लोकांना फालतू वाटतो, पण धक्क्यावर सारख्याच दिसणाऱ्या हजार खोक्यांतून आपलं खोकं ओळखायचं ते त्या खुणांवरून. अठ्ठावीस वर्षांत माझा एकही कागद बँकेतून किंवा बंदरातून दुरुस्तीसाठी परत आलेला नाही. हे मी पाहुण्यांना सांगायला लागलो की आमची ईशानी "बाबा, नॉट अगेन" म्हणून आतल्या खोलीत निघून जाते.

आमचे पेंबर्टन साहेब या जानेवारीत रिटायर झाले. व्हिला रिकामा केला, बरंचसं सामान विकलं, उरलेलं वाटलं. अकाउंट्सवाल्यांना कॉफीचं मशीन मिळालं, ड्रायव्हरला गोल्फच्या काठ्या मिळाल्या. त्या काठ्यांचं तो काय करतो हे अजून कळलेलं नाही. मला मात्र त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका मोठ्या तसबिरीवरचा कपडा बाजूला केला.

सोनेरी चौकटीत जवळजवळ खऱ्या मापाची एक तरुण बाई बसली होती. अंगावर चुण्याचुण्यांचं पांढरं वस्त्र, ते एका खांद्यावर सोन्याच्या बटणाने अडकवलेलं आणि दुसऱ्या खांद्यावर अडकवायचं राहून गेलेलं. केसांत पानांची माळ. मांडीवरच्या हातात फोडलेलं डाळिंब. मागे दगडी खांब होता आणि खांबाच्या मागे काहीतरी काळपट होतं, ते समुद्र असेल किंवा डोंगर. एकूण सगळं चित्र दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं झालेलं.

"माझी पणजी," साहेब म्हणाले. "ऑगस्टा. अठराशे एकाहत्तर सालचं चित्र आहे. त्या काळी आमच्याकडे प्राचीन ग्रीक वेष करून चित्र काढून घ्यायची फॅशन होती. डाळिंबवाली कुणी देवी आहे, तिचा वेष केलाय. हार्डी, बाकी सगळं मी विकलं. हिला मात्र बरोबर नेणार आहे."

हार्डी म्हणजे मी. सूर्यकांत हर्डीकर हे नाव साहेबांना अठ्ठावीस वर्षांत पूर्ण झेपलं नाही.

व्हिला सोडल्यावर साहेब दहा दिवस मस्कतला मित्रांकडे जाणार होते. परत येऊन तसबीर घ्यायची आणि लंडनचं विमान पकडायचं. तोवर पणजी मी सांभाळायची आणि पॅकिंगवाल्यांना लागणारा कंडिशन रिपोर्टही मीच करायचा. "हिला सांभाळणारे मिळतील, कागद करणारेही मिळतील," साहेब म्हणाले. "दोन्ही ज्याच्यावर सोपवावं असा तू एकटाच आहेस." मला कॉफीचं मशीन मिळालं नाही याचं जे थोडंसं वाईट वाटत होतं ते तिथल्या तिथे गेलं, आणि मी पणजीला सोलापुरी चादरीत गुंडाळून अल नहदाला घरी घेऊन आलो.

आमच्या हिने, म्हणजे प्रमिलाने, चादर काढून पाच मिनिटं निरखून पाहिलं.

"हे नेसलीय काय?"

"प्राचीन ग्रीक वेष आहे तो."

"म्हणजे फॅन्सी ड्रेस."

एका सभ्य गृहस्थाच्या पणजीबद्दल असं बोलू नये असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मी कुठं वाईट म्हटलं? एका बाजूची पिन लावायची राहिलीय एवढंच. फोटोवाल्याने सांगायला हवं होतं."

समोरच्या फ्लॅटमधले विली आणि ब्रिजिट लगेच आले. दोघं वसईचे. विली एका हॉटेलात हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे, त्यामुळे भिंत, फरशी आणि पडदा या विषयांवर त्याचा शब्द आमच्या मजल्यावर अखेरचा मानतात. तो म्हणाला, एसीखाली ठेवू नको, पाणी गळतं. किचनसमोर नको, फोडणीचा धूर लागतो. बाल्कनीकडे नको, ऊन लागतं. एवढं वगळल्यावर आमच्या फ्लॅटमध्ये फक्त बेडरूम उरली. "परकी बाई बेडरूममध्ये?" ब्रिजिट म्हणाली. पण दुसरा इलाज नव्हता. त्यानंतर आठवडाभर मी बनियन बाथरूममध्ये जाऊन बदलत होतो.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला नवऱ्याने घरात थांबायचं नसतं हा नियम इथेही पाळला जातो. मी पाच वाजता विलीकडे जाऊन बसलो. जाण्याआधी प्रमिलाला बजावलं, "पणजीला सांभाळ." तिने सांभाळलंच, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. बायका बेडवर पर्सा टाकतात, एखाद्या पर्सची साखळी पणजीला लागली तर काय घ्या, म्हणून तिने तसबीर उचलून हॉलमध्ये आणली आणि सोफ्याच्या शेजारच्या खुर्चीत नीट टेकवून ठेवली. चौकटीचं माप आणि खुर्चीचं माप असं काही जुळलं की पणजी रांगेत बसलेल्या बाकीच्या बायकांच्या बरोबर एका उंचीवर आली.

साडेसातला मी परत आलो. घरात अत्तराचा आणि तिळाचा वास होता, मसाला दुधाचे रिकामे ग्लास सगळीकडे पडलेले होते. आणि सगळ्या बायका गेल्यावरही एकटीच मागे रेंगाळलेल्या पाहुणीसारखी पणजी खुर्चीत बसलेली होती. दोन्ही गालांना हळद. कपाळावर पाचाच्या नाण्याएवढं, चांगलं जाडजूड कुंकू. चौकटीच्या कोपऱ्यात गजरा. आणि समोर, खुर्चीच्या कडेवर, वाणाचा स्टीलचा डबा आणि तिळगुळाची पुडी.

मी खाली बसलो. खुर्ची रिकामी नसल्यामुळे फरशीवर बसलो.

चौकशीत निष्पन्न झालं ते असं. आमच्या वर सातव्या मजल्यावर संपदा राहते. तिच्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, नजर स्वच्छ. त्यांनी पणजीकडे बोट करून विचारलं, "ही कोण गं?"

"ह्यांच्या साहेबांची पणजी," प्रमिलाने सांगितलं.

"सवाष्ण गेली का?"

आता आपल्याकडे तसबिरीतल्या बाईविषयी हा प्रश्न अगदी रीतसर आहे. पण प्रमिलाच्या एका हातात तबक होतं, दूध उतू जायला आलं होतं आणि बेल वाजत होती. ती म्हणाली, "असेल."

"असेल काय? केसांत माळलंय, हातात फळ आहे, ओटी भरल्यासारखी बसलीय बिचारी, आणि कपाळ मोकळं? बघवतं तुम्हाला?"

असं म्हणून त्यांनी कमरेची चंची सोडली. सासूबाई अजून जुन्या पद्धतीने आधी मेण लावतात आणि मग कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलत नाही. पणजीला त्यांनी आधी मेण लावलं. मग कुंकू. त्यानंतर जी बाई आली तिने रांगेतल्या सगळ्या जणींना लावता लावता पणजीलाही लावलं. एकवीस बायका आल्या होत्या.

"आणि तू?" मी प्रमिलाला विचारलं.

"मी घरची. आल्या-गेल्यांनी लावलं आणि मीच नाही लावलं, तर बरं दिसलं असतं?"

विलीबरोबर समोरून आलेली ब्रिजिट तेवढी म्हणाली, "मी नाही हं हात लावला. मला वाटलं तुमची कुणी संत असेल. मी लांबूनच क्रॉस केला."

पुढचा शनिवार आला की साहेब येणार होते. ज्या माणसाने सगळं घर विकून एवढी एकच वस्तू ठेवली होती, त्याच्या पुढ्यात मी ही काय म्हणून ठेवणार होतो?

हळद कोरडी होती, ती मऊ फडक्याने गेली. कुंकू मात्र मेणावर बसलेलं. विली म्हणाला, "घाबरू नको सूर्या. हॉटेलात वॉलपेपरवरचे डाग आम्ही ब्रेडने काढतो." घरात ब्रेड नव्हता, खुबूस म्हणजे इथली अरबी रोटी तेवढी होती. खुबूस पण ब्रेडच, असा विलीने निर्णय दिला. खुबूस गुलाबी झाला, पणजी तशीच राहिली. संपदाने वरून निरोप पाठवला की बटाट्याची चकती फिरवा. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी टूथपेस्ट सुचवली आणि तिला अकरा अंगठे आले. मी स्पष्ट नकार दिला. मी कागदाचा माणूस असलो तरी माणसाच्या पणजीला टूथपेस्ट लावणार नाही.

तेवढ्यात ईशानी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "म्यूझियम्स यूज स्पिट, बाबा. लिटरली. इट्स अ थिंग."

"स्पिट म्हणजे?"

"थुंकी," प्रमिला म्हणाली.

ईशानीने फोनवर एक बाई दाखवली. पांढरा कोट घातलेली ती बाई कापसाच्या काडीला जीभ लावून एका राजाचं नाक पुसत होती. मला ते पटलं असं नाही, पण मार्गही उरला नव्हता. मग प्रश्न आला, कुणाची? विली म्हणाला त्याने नुकताच सुका बोंबील खाल्लाय. प्रमिला म्हणाली, "साहेब तुमचे." मी तीन वेळा चूळ भरली, पणजीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि कामाला लागलो.

चाळीस काड्या लागल्या. पण कुंकू निघालं. शेवटचा लाल कण गेला तेव्हा मी उठून हॉलमधला मोठा दिवा लावला आणि सगळे बघायला उभे राहिलो.

कुंकवाबरोबर दीडशे वर्षांची धूळ आणि धूरही निघाला होता. चहाच्या रंगाच्या त्या चेहऱ्यावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, लख्ख गोऱ्या रंगाचा एक वाटोळा ठिपका चमकत होता. आधीचं कुंकू निदान पुसण्यासारखं होतं.

"एवढी गोरी होती?" प्रमिला म्हणाली.

"सूर्या," विली हळूच म्हणाला, "तू पणजी धुतलीस."

विलीच्या हॉटेलातल्या चित्रांच्या चौकटी शारजा औद्योगिक क्षेत्रातला बदरुद्दीन नावाचा कारागीर करतो, आणि जुन्या चित्रांना हातही लावतो, असं कळलं. बुधवारी रजा टाकून मी पणजीला पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि लिफ्टपाशी नेलं. तिथे वॉचमन उझैरने हात आडवा केला.

"सरजी, सामान बाहर जाएगा तो एनओसी चाहिए."

"सामान नहीं है, फोटो है."

"चादर में है तो सामान है."

बिल्डिंगच्या ऑफिसात फिझा नावाची मुलगी बसते. तिने मला फॉर्म दिला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले त्याला काउंटरच्या या बाजूला उभं राहून फॉर्म भरताना काय वाटतं हे मी इथे लिहीत नाही. रकाने तीन होते: फर्निचर, उपकरणं, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि सवयीने तपशील लिहिला: बाई, नग एक.

फिझाने तो दोनदा वाचला. "सर, ये लेडी आपके फ्लॅट में रहती है?"

"आठ दिन से. गेस्ट है."

"तीन दिन से ज्यादा का गेस्ट रजिस्टर करना पडता है. पासपोर्ट कॉपी लाए?"

मी चादर उघडली. फिझाने पणजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत शिक्का मारला. "माथे पे क्या हुआ इनके?" तिने विचारलं. परक्या मुलीच्याही पहिल्यांदा तेच लक्षात आलं, तेव्हा माझा उरलासुरला धीर सुटला.

बदरुद्दीनचं दुकान एका टायरवाल्याच्या आणि एका रेडिएटरवाल्याच्या मध्ये आहे. माणूस बरेलीचा, साठीचा, दाढीत निळ्या रंगाचे ठिपके. त्याने पणजीला दारातल्या उजेडात उभं केलं, भिंग लावलं आणि बराच वेळ "वाह" म्हणत राहिला. मग म्हणाला, दोन रस्ते आहेत. सगळं चित्र धुऊन एकसारखं करायचं, त्याला महिना लागेल. नाहीतर ठिपक्यावर थोडा तपकिरी रंग लावायचा. "दो बूँद भूरा, खलास. पचास दिरहम."

पन्नास दिरहम, म्हणजे जेमतेम बाराशे रुपये. बाराशे रुपयांत माझी इज्जत परत मिळत होती. मी हो म्हटलं.

त्याने बशीत रंग कालवला. तो पणजीच्या गालाशी इतका तंतोतंत जुळला की मला त्याच्या हाताला नमस्कार करावासा वाटला. त्याने ब्रश बुडवला, टोक पिळलं आणि कपाळाजवळ नेलं. आणि माझ्या डोळ्यासमोर कुठून कोण जाणे कंडिशन रिपोर्टचा कागद आला. 'बाह्य अवस्था' या रकान्यापुढे मी काय लिहिणार होतो? 'ठीक' असं लिहून खाली सही? भिजलेल्या तांदळाच्या पोत्यांना कोरडी म्हणा, गंजलेल्या पत्र्याला नवा म्हणा, असं मला बऱ्याच जणांनी आजवर सुचवलं आहे. मी कधी म्हटलं नाही. आणि आता ज्याने विश्वासाने पणजी दिली त्याच्याशीच पहिलं खोटं?

"रुको, बदरुद्दीनभाई."

"क्यूँ? किसको पता चलेगा, हबीबी?"

"मेरेको," मी म्हणालो.

त्याने ब्रश खाली ठेवला, दोन चहा मागवले आणि पैसे घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर टॅक्सीत पणजी माझ्या शेजारी बसली होती आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

रिपोर्ट करायला मला दोन दिवस लागले. एवढा वेळ मी जहाजभर सिमेंटलाही लावलेला नाही. 'नुकसान' या रकान्यात मी लिहिलं: 'कपाळाच्या मध्यभागी एक गोल ठिपका, व्यास अठरा मिलिमीटर, भोवतालच्या भागापेक्षा स्वच्छ. कारण: हळदीकुंकू. जबाबदारी: खाली सही करणार.' आणि खाली सही केली.

शनिवारी सकाळी अकराला साहेब आले, मस्कतच्या उन्हात भाजून लाल झालेले. साहेब आल्याची बातमी सातव्या मजल्यापर्यंत पोचलेली असणारच, कारण त्यांच्या मागोमाग संपदाच्या सासूबाईही आल्या आणि सोफ्यावर मांडी घालून बसल्या. मी आधी रिपोर्ट हातात दिला आणि मगच चादर काढली. माल दाखवण्याआधी कागद दाखवावा.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. मग पणजीसमोर उभे राहिले. वळून त्यांनी विचारलं, "हळदीकुंकू म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं, पण प्रमिला पुढे झाली. तिचं इंग्रजी ऑफिसचं नाही, पण अडत नाही. ती म्हणाली, "सर, लेडी कम्स होम, वुई पुट कुंकू. नॉट पुटिंग इज इन्सल्ट. शी वॉज सिटिंग विथ अस. हाउ टू लीव्ह हर?"

सासूबाईंनी ईशानीचा हात धरला. "विचार गं त्यांना. माझा जीव आठ दिवस त्यात अडकलाय. सवाष्ण गेली का?"

"आजी, आय कान्ट आस्क दॅट."

"विचार."

ईशानीने विचारलं. पणजी वारली तेव्हा तिचा नवरा हयात होता का?

साहेब जरा आठवत उभे राहिले. "कुठला?" ते म्हणाले. "तिघांना तिने पोचवलं. चौथा तिच्यामागे चार महिने जगला. घरात म्हणत की आश्चर्याच्या धक्क्यानेच गेला."

ईशानीने भाषांतर केलं. सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"चौथा मागे होता ना? मग झालं तर. सवाष्णच गेली." आणि मागे टेकून बसल्या. पहिल्या तिघांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण पणजीकडे बघण्याची त्यांची नजर त्या क्षणापासून बदलली हे मी पाहिलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि 'नुकसान' या रकान्यातल्या मजकुरावर सरळ एक रेघ मारली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या कागदावर पडलेली ती पहिली रेघ. मग त्यांनी तोच मजकूर, शब्द न बदलता, 'खुणा' या रकान्यात लिहिला. 'जबाबदारी'पासून पुढचं तेवढं गाळलं. शेजारी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"रकाना चुकला होता, हार्डी," ते म्हणाले. "लहानपणापासून मी या बाईला घाबरत आलो. आज पहिल्यांदा वाटलं की हिला कुणीतरी 'ये, बस' म्हटलंय."

पॅकिंगवाले खाली आले होते. प्रमिला आतून करंडा घेऊन आली, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच मी दोन्ही हात पसरून तिच्या आडवा उभा राहिलो.

"तिला नाही हो लावत," ती म्हणाली. "निघालेल्या माणसाला लावते."

साहेबांनी मान वाकवली. सासूबाई म्हणाल्या थांब, आणि कमरेची चंची सोडली. आधी मेण, मग कुंकू. मेणावरचं कुंकू किती टिकतं हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे लंडनला उतरेपर्यंत ते जागचं हलणार नाही याची मला खात्री होती. पेंबर्टन साहेब आणि त्यांची पणजी लिफ्टमध्ये शेजारी शेजारी उभे राहिले, दोघांच्या कपाळावर एकेक वाटोळी खूण, आणि उझैरने या वेळी एनओसी न मागता दार लावलं.

पणजीची नोंद कागदावर आहे. साहेबांची मी कुठेच केली नाही.